आग लागली की रेफ्यूज एरियात जाऊन बसायचं? नाही!

नागपुरात वर्धा रोड, बेसा, मनीषनगरकडे उंच इमारती वाढल्या, आणि त्यांच्यासोबत एक समजही पसरला: आग लागली की सगळ्यांनी रेफ्यूज एरियात, म्हणजे आगीच्या वेळी आसऱ्यासाठी राखून ठेवलेल्या मोकळ्या जागेत, जाऊन थांबायचं, अग्निशमन दल येऊन सोडवेल. हा समज जिवावर बेतू शकतो.

राष्ट्रीय इमारत संहितेनुसार २४ मीटरपेक्षा उंच इमारतीत सहसा ही जागा लागते. पण तिचा हिशेब माणशी ०.३ चौरस मीटर, म्हणजे जेमतेम उभं राहण्यापुरता. ती आहे जिना उतरणं न झेपणाऱ्या आजी-आजोबांसाठी, आजाऱ्यांसाठी, किंवा खालच्या जिन्यात धूर भरला तर थांबण्यासाठी. जिना मोकळा असेल तर उतरत राहायचं, थेट जमिनीपर्यंत. लिफ्ट वापरायची नाही.

ज्वाळांच्या आधी धूर गाठतो. म्हणूनच जिन्याचं फायर डोअर आपोआप बंद होणारं असतं. आपल्या मे महिन्यात वारा यावा म्हणून त्याला वीट लावून ठेवलेली दिसली की माझ्या पोटात गोळा येतो. त्या एका विटेमुळे जिन्याचं धुराडं होतं, आणि वरच्या सगळ्या मजल्यांची वाट बंद!

रेफ्यूज एरियात जुने कूलर, सायकली, सोफे ठेवणं किंवा जाळी लावून कुलूप घालणंही चालत नाही. शिवाय महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्यानुसार, इमारतीतली यंत्रणा सुस्थितीत असल्याचं परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र दर जानेवारीत आणि जुलैत द्यावं लागतं. त्याला ‘फॉर्म बी’ म्हणतात. तुमच्या सोसायटीचा शेवटचा फॉर्म कधीचा आहे, ते सेक्रेटरींना आजच विचारा.