लॉकडाऊन म्हणजे आणीबाणीच होती का? कलम ३५२ आणि आपत्ती कायदा शेजारी ठेवून बघूया

'आरोग्य आणीबाणी' नावाची कुठलीही गोष्ट आपल्या राज्यघटनेत नाहीये, हे आधीच सांगून टाकतो. ३० जानेवारी २०२० ला जागतिक आरोग्य संघटनेने जे जाहीर केलं ते सगळ्या देशांना सावध करण्यासाठी होतं, पेपरात ते 'जागतिक आरोग्य आणीबाणी' म्हणून छापून आलं, मग २४ मार्चला रात्री आठला पंतप्रधान टीव्हीवर आले, चार तासांत अख्खा देश बंद, आणि तेव्हापासून लोकांच्या बोलण्यात आणीबाणी आणि लॉकडाऊन हे जे एकमेकांत मिसळलं ते मिसळलंच. एक गट म्हणतो ती अघोषित आणीबाणीच होती. दुसरा म्हणतो आणीबाणी लावलीच नव्हती, मग लोकशाहीचं नुकसान झालं कुठे? मला दोन्ही पटत नाही.

आमच्या मामांनी आणीबाणीत काही महिने तुरुंगात काढले, मिसा या अंतर्गत सुरक्षा कायद्याखाली, म्हणजे खटला नाही, आरोपपत्र नाही, सुटका कधी ते माहीत नाही. ती खरी आणीबाणी. २५ जून १९७५ च्या रात्री राष्ट्रपतींनी घटनेच्या कलम ३५२ खाली, म्हणजे आणीबाणी लावायच्या तरतुदीखाली, सही केली, कारण दिलं 'अंतर्गत अशांतता', आणि मंत्रिमंडळाला कळलं दुसऱ्या दिवशी सकाळी! त्यानंतर राष्ट्रपतींच्या आदेशाने महत्त्वाच्या मूलभूत हक्कांसाठी कोर्टात जायची वाटच बंद झाली, वर्तमानपत्रांवर सेन्सॉर बसला, लाखाच्या वर माणसं आत गेली, आणि एप्रिल १९७६ मध्ये सुप्रीम कोर्टाने चार विरुद्ध एक असं सांगितलं की आणीबाणीत बेकायदा अटकेविरुद्धसुद्धा दाद मागता येणार नाही. तो एकटा वेगळा आवाज न्यायमूर्ती एच. आर. खन्ना यांचा. हे सगळं २१ मार्च १९७७ पर्यंत चाललं, म्हणजे एकवीस महिने.

पण त्यातून देश काहीतरी शिकला आणि ते घटनेत लिहून ठेवलं, हे फार कमी लोकांना माहीत असतं. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने 'अंतर्गत अशांतता' काढून 'सशस्त्र बंड' घातलं, कॅबिनेटचा लेखी निर्णय सक्तीचा केला (का ते वर आलंच), महिन्याभरात दोन्ही सभागृहांची विशेष बहुमताने मंजुरी लागते, दर सहा महिन्यांनी परत लागते, लोकसभेच्या एक दशांश सदस्यांनी लेखी मागितलं तर आणीबाणी उठवायची का यावर खास बैठक घ्यावी लागते, आणि कलम २०, म्हणजे गुन्ह्याच्या शिक्षेबाबतचं संरक्षण, आणि कलम २१, म्हणजे जगण्याचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क, आता आणीबाणीतही स्थगित करता येत नाही. यातली जवळपास प्रत्येक कडी १९७५ साली जे दार उघडं सापडलं त्याच दाराला लावलेली आहे.

आता २०२० कडे या. युद्ध नाही, परकीय आक्रमण नाही, सशस्त्र बंड नाही, त्यामुळे साथीसाठी कलम ३५२ लावणं शक्यच नव्हतं. वापरले ते साधे कायदे. एक म्हणजे २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा, जो मुळात भूकंप, पूर, वादळ असल्या संकटांसाठी केलेला, आणि दुसरा १८९७ चा साथरोग कायदा, जो मुंबईत प्लेग आला म्हणून इंग्रजांनी घाईघाईत केला होता, जेमतेम चार कलमांचा. पुण्यात त्या वर्षी प्लेगच्या नावाखाली सोल्जर घराघरात शिरले, रँडवर चापेकरांनी गोळ्या झाडल्या, 'केसरी'तल्या मजकुरावरून टिळकांवर राजद्रोह लागला आणि अठरा महिन्यांची शिक्षा झाली. हा आपल्याकडे प्रत्येकाने शाळेत वाचलेला धडा, पण तोच कायदा मार्च २०२० मध्ये महाराष्ट्राने परत बाहेर काढला हे कितीजणांच्या लक्षात आलं? त्यातलं चौथं कलम असं आहे की या कायद्याखाली सद्भावनेने काही केलं असेल तर त्या माणसावर दावा लावता येत नाही.

कायद्याने बघितलं तर फरक सरळ आहे, लॉकडाऊनमध्ये एकही मूलभूत हक्क स्थगित झाला नव्हता, कोर्टात जाता येत होतं. आणि कोर्टांनी काही वेळा ते दाखवलंही. आरोपपत्र वेळेत आलं नाही तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो, तो मद्रास हायकोर्टाने लॉकडाऊनमध्ये नाकारला, म्हणे हे आणीबाणीसारखंच आहे. १९ जून २०२० ला सुप्रीम कोर्टाने ते चूक ठरवलं, लॉकडाऊन आणि आणीबाणी एक नाही असं स्पष्ट लिहिलं. गुजरात सरकारने साथीला 'सार्वजनिक आणीबाणी' म्हणत कारखान्यात बारा तासांची पाळी आणि ओव्हरटाइमला दुप्पट पगार नाही असं फर्मान काढलं होतं, ते १ ऑक्टोबर २०२० ला सुप्रीम कोर्टाने रद्द केलं. आपल्या औरंगाबाद खंडपीठाने ऑगस्टमध्ये दिल्लीतल्या तबलिगी जमातच्या धार्मिक मेळाव्याला आलेल्या परदेशी लोकांवरचे गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा बनवलं गेल्याचं म्हटलं.

पण ती १९ जून तारीख मला विसरता येत नाही. दिल्लीत कोर्ट सांगतंय की कलम २१ शाबूत आहे, आणि त्याच दिवशी संध्याकाळी तामिळनाडूतल्या साथानकुलममध्ये लॉकडाऊनच्या वेळेनंतर दुकान उघडं ठेवल्याचा आरोप करून पोलिसांनी एका दुकानदाराला नेलं, मुलगा मागोमाग ठाण्यात गेला, दोघांना इतकं मारलं की चार दिवसांत दोघंही गेले. हक्क कागदावर पूर्ण शाबूत असताना!

आणि इथेच दुसऱ्या गटाचं म्हणणं कोसळतं. आणीबाणीला ज्या कड्या आहेत त्यातली एकही आपत्ती कायद्याच्या आदेशांना नाही. ज्या राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या नावाने लॉकडाऊन लागला त्याचे अध्यक्ष पदसिद्ध पंतप्रधानच. आदेशाला संसदेची मंजुरी लागत नाही, किती दिवस चालवायचा याची मर्यादा कायद्यात नाही. २३ मार्चला संसद उठली ती १४ सप्टेंबरला बसली, तीही प्रश्नोत्तराचा तास न घेता, आणि त्या वर्षीचं हिवाळी अधिवेशन झालंच नाही. केंद्राचे आपत्ती कायद्याखालचे आदेश ३१ मार्च २०२२ पर्यंत चालले. दोन वर्षांहून जास्त, म्हणजे खऱ्या आणीबाणीपेक्षा लांब, आणि त्यावर संसदेत एकदाही मंजुरीचं मतदान झालं नाही. हे एका पक्षाचं पाप आहे असं मी म्हणत नाही, मे २०२० मध्ये मुंबई पोलिसांनी जमावबंदीच्या कलम १४४ खाली सोशल मीडियावरच्या पोस्टवर जो आदेश काढला त्यात सरकारी यंत्रणेबद्दल अविश्वास पसरवायलाही मनाई होती, आणि तेव्हा इथे महाराष्ट्रात सरकार केंद्रातल्यापेक्षा दुसऱ्या पक्षांचं होतं.

लॉकडाऊन नकोच होता असंही माझं म्हणणं नाही, ऑक्सिजनसाठी लोक तडफडताना आपण सगळ्यांनी बघितलंय, साथीत सरकारला झटपट अधिकार लागतातच. संसदेत मतदान झालं की सगळं सुरक्षित असंही नाही, १९७५ साली विरोधी खासदार तुरुंगात असताना संसदेने आणीबाणी मंजूर केलीच होती. मामांना मी इतकंच म्हणतो की लॉकडाऊनला आणीबाणी म्हटलं की आपण कलम ३५२ कडे पहारा देत बसतो, आणि सत्ता आली ती शेजारच्या दारातून, जिथे कडीच नव्हती.

२०२० ला साथरोग कायद्यात बदल झाला तो डॉक्टर-नर्सवर हल्ला करणाऱ्यांना कडक शिक्षा देण्यासाठी, तो हवाच होता. फेब्रुवारी २०२४ मध्ये विधी आयोगानेही हा कायदा अपुरा असल्याचं सांगून दुरुस्ती किंवा नवा कायदा सुचवला. तो जेव्हा येईल तेव्हा त्यात मी पहिल्यांदा हे शोधणार आहे की साथीचा आदेश किती दिवसांनी आपोआप संपतो, आणि पुढे चालवायचा तर सभागृहात हात वर करावे लागतात की नाही.