मूत्रसंस्थेचे कॉन्ट्रास्ट चित्रण

मूत्रपिंडांच्या आतल्या पोकळ्या, मूत्रवाहिन्या, मूत्राशय आणि मूत्रमार्ग साध्या क्ष-किरण चित्रात नीट ओळखू येत नाहीत, कारण मूत्र आणि भोवतीचे मऊ ऊतक क्ष-किरणांना जवळपास सारखेच अडवतात. या पोकळ्यांत आयोडीनयुक्त द्रव आणून चित्रे घेण्याच्या पद्धतींना मिळून मूत्रसंस्थेचे कॉन्ट्रास्ट चित्रण म्हणतात. एक्स-रे विभागात या द्रवाला सरसकट ‘डाय’ म्हटले जाते, पण त्याने काही रंगत नाही. तो क्ष-किरण अडवतो, एवढेच.

तपासण्यांची नावे पाठ करण्याआधी विद्यार्थ्याने एक गोष्ट पक्की करावी: द्रव मूत्राच्या वाटेने खाली येतो आहे, की बाहेरून उलटा वर चढवला आहे? शिरेतून दिलेला द्रव मूत्रपिंडाने गाळल्यावरच पोकळीत उतरतो, म्हणून ते चित्र आकाराबरोबर मूत्रपिंडाच्या कामाचीही साक्ष देते. आयव्हीयू (शिरेतून द्रव देऊन ठराविक वेळांनी घेतलेली क्ष-किरण चित्रे; जुने नाव आयव्हीपी) आणि सीटी यूरोग्राफी (तेच सीटी स्कॅनवर) या गटातल्या. कॅथेटरने भरलेला द्रव मात्र फक्त आकार दाखवतो. काम थांबलेल्या मूत्रपिंडाची वाहिनीही त्यात ठळक दिसू शकते. रेट्रोग्रेड पायलोग्राफी (मूत्रवाहिनीतून वर मूत्रपिंडापर्यंत), सिस्टोग्राफी (मूत्राशयाची) आणि आरजीयू (मूत्रमार्गाची) या दुसऱ्या गटातल्या.

इतिहासात उलटी वाट आधी सापडली. १९०६ मध्ये फोएल्कर आणि फॉन लिश्टेनबर्ग यांनी कोलार्गॉल हे चांदीचे द्रावण मूत्रवाहिनीतून वर चढवून चित्रे घेतली. पुढे १९२३ मध्ये मेयो क्लिनिकमधील डॉक्टरांनी नोंदवले, की सिफिलिससाठी सोडियम आयोडाइड दिलेल्या रुग्णांचे मूत्र क्ष-किरण चित्रात दिसते. शिरेतून देता येईल असे यूरोसेलेक्टान हे आयोडीनयुक्त द्रव्य १९२९ मध्ये मोझेस स्विक यांनी बर्लिनमध्ये यशस्वीपणे वापरून दाखवले.

आयोडीनच निवडले जाते याचे कारण त्याच्या अणूत आहे. अणुक्रमांक ५३, आणि सर्वांत आतल्या कवचाची बंधनऊर्जा सुमारे ३३ किलोइलेक्ट्रॉन व्होल्ट. या ऊर्जेच्या जरा वरचे किरण आयोडीन सर्वाधिक शोषते, म्हणून केव्हीपी (क्ष-किरण नळीचा कमाल दाब, किलोव्होल्टमध्ये) साधारण ७० च्या आसपास ठेवतात. रुग्ण स्थूल असला की केव्हीपी चढवण्याचा मोह होतो. तसे केल्यास द्रवाची चमकच फिकी पडते. शक्य तिथवर एमएएस (नळीचा प्रवाह गुणिले वेळ, म्हणजे किरणांचे प्रमाण) वाढवावे. बेरियम या कामी कधीही वापरायचे नाही. आजचे आयोहेक्सॉलसारखे नॉन-आयनिक द्रव जुन्या आयनिक द्रवांपेक्षा बरेच सुसह्य आहेत: जुन्यांची ऑस्मोलॅलिटी (विरघळलेल्या कणांचे प्रमाण, मिलिऑस्मोल प्रतिकिलो) १५०० च्या घरात, यांची ६०० ते ८००, तर रक्ताची सुमारे २९०.

तरीही टोचण्याआधी क्रिएटिनिन व ईजीएफआर (मूत्रपिंडाचे काम दाखवणाऱ्या रक्ततपासण्या) पाहावे. पूर्वी डायची रिअॅक्शन आली होती का, दमा किंवा थायरॉइडचा विकार आहे का, मेटफॉर्मिन (मधुमेहाचे औषध) चालू आहे का, गर्भधारणेची शक्यता आहे का, हे विचारावे. मासळीच्या अॅलर्जीचा आयोडीनशी संबंध नाही. ती अॅलर्जी मासळीतल्या प्रथिनांची असते. गंभीर रिअॅक्शन बहुधा पहिल्या वीस मिनिटांत उमटते. तेवढा वेळ रुग्णाला एकटे सोडू नये, आणि अॅड्रेनालिन हाताशी असावे.

आयव्हीयूची सुरुवात केयूबी स्काउट फिल्मने (द्रव देण्याआधीच्या पोटाच्या साध्या चित्राने) होते आणि ती टाळणे ही मोठी चूक आहे. कॅल्शियमचा खडा एकदा डायमध्ये बुडाला की दिसेनासा होतो. वेळ टोचायला सुरुवात केल्यापासून मोजायची आणि प्रत्येक चित्रावर नोंदवायची. पहिल्या मिनिटाला द्रव मूत्रपिंडाच्या ऊतकात असतो, तो नेफ्रोग्राम. पाचव्या मिनिटापर्यंत कॅलिसेस (मूत्रपिंडातल्या पेल्यासारख्या पोकळ्या) भरतात. त्यानंतर पोटावर पट्टा आवळून मूत्रवाहिन्या दाबतात, म्हणजे वरच्या पोकळ्या चांगल्या फुगतात. महाधमनीचा फुगवटा, पोटाची ताजी शस्त्रक्रिया, इजा किंवा अडथळ्याची शंका असेल तर पट्टा वर्ज्य. पट्टा सोडल्यावरच्या चित्रात वाहिन्या दिसतात. त्या आकुंचन पावत मूत्र ढकलत असल्याने एकाच चित्रात अखंड भरलेल्या क्वचितच सापडतात. मधला रिकामा तुकडा पाहून लगेच वाहिनी रोगाने अरुंद झाली असे समजू नये. खडा अडकण्याच्या नैसर्गिक अरुंद जागा तीन: मूत्रपिंडाच्या द्रोणीशी (मूत्र गोळा होणाऱ्या पसरट भागाशी) जोड, श्रोणीच्या (कमरेच्या हाडांच्या घेराच्या) काठावर इलियाक रक्तवाहिन्या ओलांडताना, आणि मूत्राशयात शिरताना. एका बाजूचा नेफ्रोग्राम उशिरा येऊन गडद होत राहिला, तर त्या बाजूला अडथळा असण्याची दाट शक्यता असते. तिथे घड्याळ पाहून तपासणी आटोपायची नसते. तासाभराने किंवा त्याहून उशिरा चित्रे घ्यावी लागतात.

तिरप्या चित्रात विद्यार्थी हमखास गोंधळतात. पाठीवर झोपवून रुग्णाला ३० अंश उजवीकडे वळवले (आरपीओ, म्हणजे उजवी मागची बाजू टेबलाकडे), की वर उचललेले डावे मूत्रपिंड डिटेक्टरला समांतर येते आणि खालच्या, म्हणजे उजव्या, बाजूची मूत्रवाहिनी मणक्यावरून बाजूला सरकते. एलपीओमध्ये, म्हणजे डावीकडे वळवल्यावर, हेच उलट.

खड्यांसाठी आज विनाकॉन्ट्रास्ट सीटी आणि पोकळीतल्या गाठींसाठी सीटी यूरोग्राफी यांनी आयव्हीयूला बरेच मागे सारले आहे. सीटी यूरोग्राफीतही तेच घड्याळ चालते: द्रवाआधी एक फेरी, सुमारे ९० ते १०० सेकंदांनी नेफ्रोग्रामची, आणि आठ ते पंधरा मिनिटांनी पोकळ्या भरल्यावरची. प्रत्येक फेरीबरोबर किरणमात्रा वाढते, त्यामुळे तिन्ही लागतातच का, हे आधी ठरवावे.

रेट्रोग्रेड पायलोग्राफी शस्त्रक्रियागृहात सिस्टोस्कोपच्या (मूत्राशयात घालायच्या दुर्बिणीच्या) साहाय्याने होते. तिथे शिरलेला हवेचा बुडबुडा खड्यासारखा भासतो, पण तो स्थिती बदलली की हलतो. श्रोणीच्या हाडाच्या फ्रॅक्चरनंतर मूत्रमार्गाच्या तोंडाशी रक्त दिसले, तर कॅथेटर घालण्याआधी आरजीयू करतात. मूत्रमार्ग फाटलेला असल्यास आंधळेपणाने घातलेला कॅथेटर इजा वाढवतो.

एमसीयू, म्हणजे लघवी होत असतानाचे मूत्राशय व मूत्रमार्गाचे चित्रण, दोन्ही गटांच्या मध्ये बसते. द्रव कॅथेटरने भरतात, पण चित्रे लघवी चालू असताना घेतात. ती बहुधा लहान मुलांची तपासणी, मूत्राशयातून मूत्र उलटे वर चढते का हे पाहण्यासाठी. या रिफ्लक्सच्या पाच श्रेणी मानतात. अनोळखी खोलीत, अनोळखी माणसांसमोर लघवी करणे मुलाला जड जाते. खोलीत मोजकीच माणसे, आई किंवा वडील शेजारी आणि घाई अजिबात नाही, हा इथे तंत्राचाच भाग आहे, कारण काही मुलांत रिफ्लक्स लघवी होत असतानाच दिसतो. म्हणून शेवटच्या चित्रात मूत्राशयाबरोबर दोन्ही मूत्रपिंडांची जागाही घ्यावी लागते. वर चढलेला द्रव तिथे थांबलेला असू शकतो.