'हायपो'च्या पोटातला 'उप'

"मला थायरॉईड आहे," असं लोक सर्रास सांगतात. पण ती ग्रंथी तर प्रत्येकाच्याच गळ्यात असते! सांगायला हवं ते पुढचं: हायपो की हायपर? एकात संप्रेरक कमी पडतं, दुसऱ्यात वाजवीपेक्षा जास्त होतं. उपचारही उलट दिशेचे.

हे दोन ग्रीक उपसर्ग आपल्याला घोकावे लागू नयेत. 'हायपर' हा संस्कृत 'उपरि'चा भाऊबंद, 'हायपो' हा 'उप'चा. ॲटिक ग्रीकमध्ये, म्हणजे अथेन्सकडच्या ग्रीक बोलीत, शब्दारंभीच्या 'उ'आधी 'ह'चा श्वास हमखास येई. तिथे तो 'उ' 'इ'कडे झुकला, रोमनांनी त्याला 'वाय' हे अक्षर दिलं आणि इंग्रजी उच्चारात त्याचा 'आय' झाला. लॅटिनमधले 'सुपर' आणि 'सब' याच घरातले.

नकाराचा उपसर्ग तर हुबेहूब जुळतो. आपल्याकडे व्यंजनाआधी 'अ' (अज्ञान), स्वराआधी 'अन्' (अनादर). ग्रीकमध्येही तेच: 'ॲट्रॉफी', म्हणजे पोषण नाही म्हणून झिजणं, आणि 'ॲनिमिया'. पण रक्त म्हणजे 'हायमा', मग इथे 'अन्' कसा? कारण ग्रीकमध्ये 'ह' हा पुरतं व्यंजन नव्हता, स्वराआधीचा नुसता श्वास होता; ॲटिक ग्रीकांच्या नंतरच्या लिखाणात तर त्याला अक्षरही नव्हतं, पुढे स्वरावर नुसती एक खूण करत. संधीचे नियम त्याला जमेस धरत नसत. म्हणून ॲनिमियात 'ह' गळाला. शब्दाच्या सुरुवातीला मात्र टिकला, जसा हिमोग्लोबिनमध्ये.

एवढं वाचून कुणी "बघा, ग्रीक संस्कृतातूनच निघाली!" असा संदेश पुढे ढकलेल. तसं नाही. दोन्ही भाषा एका जुन्या, आता लुप्त झालेल्या भाषेच्या मुली. संस्कृतचे अभ्यासक इंग्रज न्यायाधीश विल्यम जोन्स यांनी 1786 साली कोलकात्यात साधारण हेच मांडलं होतं. पुरावा स्वरांत आहे. मूळच्या भाषेतले ए, ओ, अ हे तीन ऱ्हस्व स्वर संस्कृतात एकाच 'अ'मध्ये मिसळले, ग्रीकने ते वेगळे ठेवले. 'हायपर' आणि 'हायपो' यांची मूळ ग्रीक रूपं 'हुपेर' आणि 'हुपो'; त्यांतला 'ए' आणि 'ओ' पाहा; 'उपरि' आणि 'उप'मध्ये दोन्ही जागी 'अ'. एकदा मिसळलेले स्वर ग्रीकांना पुन्हा बिनचूक वेगळे कसे करता आले असते?

अर्थात फोड कळली म्हणजे आजार कळला असं नाही. ॲनिमियात रक्त 'नसतं' असं थोडंच आहे! कमी असतं ते हिमोग्लोबिन. आणि 'हायपोकॉन्ड्रिया', म्हणजे आजाराची सततची धास्ती, याचा शब्दशः अर्थ 'कूर्चेच्या खाली'. बरगड्यांच्या कूर्चेखालच्या अवयवांतून अशी धास्ती आणि उदासी उपजते, असा जुना समज होता. तो समज गेला, नाव मात्र राहिलं. शरीररचनाशास्त्रात पोटाच्या त्या वरच्या दोन बाजूंना आजही 'हायपोकॉन्ड्रियम' म्हणतात, तिथे मात्र ते अगदी बरोबर बसतं.