काखेतली तालीम

2021च्या मे महिन्यात माझ्या मावशीने कोव्हिशिल्डचा दुसरा डोस घ्यायला साफ नकार दिला. मावशी 62 वर्षांची. लेकरांना कडेवर घेऊन पोलिओच्या आणि त्रिगुणी लशीच्या रांगेत तासन्‌तास उभी राहिलेली बाई. लशीशी तिचं वैर नव्हतं. तक्रारी दोनच होत्या. एप्रिलमध्ये पहिला डोस घेतल्यावर तिसऱ्या दिवशी डाव्या काखेत अवधाण आलं आणि चार दिवस हात वर करवेना, ही पहिली. दुसरी तिच्याच शब्दांत: "आधी म्हणाले 28 दिवसांनी या. मग दीड-दोन महिन्यांनी. आता तीन महिने. अरे, ह्यांचं ह्यांनाच ठाऊक नाही, आणि सुई मात्र माझ्या दंडात!"

अशा माणसाला अडाणी म्हणून मोकळं होणं मला पटत नाही. बाळाला लस देताना आपण पिढ्यांच्या अनुभवावर विसंबतो. इथे नवी लस होती, ती आपल्याच धडधाकट अंगात घ्यायची होती आणि नियम महिन्या-महिन्याला बदलत होते. 22 मार्चला केंद्र सरकारने अंतर 6 ते 8 आठवड्यांवर नेलं, 13 मेला ते 12 ते 16 आठवडे झालं. त्याच दिवसांत केंद्रांबाहेर "लस संपली" अशा पाट्या लागलेल्या. साठा नाही म्हणून अंतर वाढवलं, असंच लोक म्हणाले. तुटवडा खराच होता. पण अंतर लांबवण्यामागे शरीराचंही एक कारण होतं, आणि ते मावशीच्या काखेतच होतं.

पायात काटा मोडून पिकला की जांघेत अवधाण येतं, हे आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. जांघेत, काखेत, मानेत लसिका ग्रंथी असतात, साधारण वालाच्या दाण्याएवढ्या. दंडातली खबर काखेतल्या ग्रंथींना जाते. कोव्हिशिल्डमध्ये चिंपांझीच्या सर्दीचा, शरीरात वाढू न शकणारा विषाणू वापरला आहे. तो आपल्या पेशींना कोरोनाच्या अंगावरचं काटेरी प्रथिन बनवण्याची कृती देतो. ते प्रथिन घेऊन डेंड्रायटिक नावाच्या पहारेकरी पेशी काखेत पोचतात.

ग्रंथीत बी-पेशी नावाच्या पांढऱ्या पेशींची गर्दी असते. प्रत्येकीच्या अंगावर वेगळ्या घडणीचा पंजा. काटेरी प्रथिनावर ज्यांचा पंजा थोडाफार बसतो, त्या वाढू लागतात. त्यांतल्या काही ताबडतोब प्रतिपिंडं, म्हणजे अँटीबॉडी, तयार करतात. ही प्रतिपिंडं कामचलाऊ असतात. उरलेल्यांपैकी काही ग्रंथीतल्या एका खास जागेत शिरतात. तिचं नाव जर्मिनल सेंटर. मी तिला तालीम म्हणतो.

या तालमीचे दोन भाग आहेत, एक अंधारा आणि एक उजेडाचा. सूक्ष्मदर्शकाखाली ते तसेच दिसले, म्हणून नावंही तशीच पडली. अंधाऱ्या भागात बी-पेशी झपाट्याने दुभंगतात, साधारण 6 ते 12 तासांत एकीच्या दोन. त्याच वेळी एआयडी नावाचं विकर (एन्झाइम) त्यांच्या पंजाच्या जनुकातली अक्षरं बदलत सुटतं. एरवी जनुकांत जितक्या चुका होतात, त्याच्या जवळपास दहा लाख पट वेगाने! इतर कुठल्याही पेशीत असं झालं तर ती आपत्ती ठरेल. इथे मात्र शरीर मुद्दाम चुका करतं. बहुतेक पेशींचा पंजा त्यात बिघडतो, एखादीचा सुधारतो.

मग सगळ्या उजेडाच्या भागात येतात. तिथे काही पेशींनी काटेरी प्रथिन आपल्या लांब तंतूंवर धरून ठेवलेलं असतं. ज्या बी-पेशीचा पंजा जास्त घट्ट, तिच्या हाती जास्त प्रथिन लागतं. ते गिळून, तुकडे करून ती टी-पेशीला दाखवते. टी-पेशी म्हणजे इथला वस्ताद. जिने जास्त आणलं तिच्या पाठीवर थाप पडते आणि ती पुन्हा अंधाऱ्या भागात मेहनतीला जाते. जिला थाप मिळत नाही, ती मरते. दिवस जातात तसं प्रथिन आटत जातं आणि चुरस आणखी वाढते. डार्विनची नैसर्गिक निवड आपण हजारो-लाखो वर्षांच्या हिशोबात शिकतो. तीच इथे वालाएवढ्या जागेत, काही आठवड्यांत घडते. मला तरी शरीरात याहून विलक्षण काही ठाऊक नाही.

इथून तयार होऊन बाहेर पडलेल्या काही पेशी अस्थिमज्जेत जाऊन वर्षानुवर्षं प्रतिपिंडं बनवत राहतात. काही स्मृतिपेशी होऊन वाट पाहतात. दुसरा डोस या स्मृतिपेशींना हाक मारतो. तो घाईने दिला तर हाकेला येणारे मल्ल कच्चे असतात. शिवाय पहिल्या डोसची ताजी प्रतिपिंडं रक्तात भरपूर असतात. नवं प्रथिन तयार झालं की ती त्यालाच झाकून टाकतात. चिंपांझीच्या विषाणूविरुद्धही थोडी प्रतिपिंडं झालेली असतात, तीही आडवी येतात. थोडं थांबलं की हे अडथळे कमी होतात आणि मल्ल पक्के होतात.

ऑक्सफर्डच्या गटाने फेब्रुवारी 2021मध्ये आकडे प्रसिद्ध केले. दोन डोसांत 6 आठवड्यांपेक्षा कमी अंतर असलेल्यांत लस 55.1 टक्के परिणामकारक ठरली होती, 12 आठवडे किंवा जास्त अंतर असलेल्यांत 81.3 टक्के. त्या चाचणीत अंतरांची तुलना मुद्दाम आखलेली नव्हती, म्हणून हा शेवटचा शब्द नव्हे. पण तालमीच्या गणिताशी तो जुळतो. कोव्हॅक्सिनचं अंतर 4 आठवडेच राहिलं, कारण ती मारलेल्या विषाणूची वेगळी लस आणि तिची चाचणी त्याच अंतराने झालेली. हे सगळं मराठीत, पाच वाक्यांत, लसीकरण केंद्राच्या भिंतीवर लावता आलं असतं. तारीख तेवढी कळवली गेली, कारण कळवलं गेलं नाही.

कारण कळलं नाही की ती जागा भलत्या गोष्टी घेतात. जून 2021मध्ये नाशिकहून बातमी आली की लस घेतल्यावर एका गृहस्थांच्या अंगाला चमचे, नाणी, ताटल्या चिकटतात. घरोघरी लोक दंडाला चमचे लावून पाहू लागले. घामट, तेलकट त्वचेला गुळगुळीत भांडं चिकटतं, पावडर लावली की गळून पडतं. लशीचा डोस अर्धा मिलिलिटर. तो अख्खा लोखंडाचा असता तरी ताटली पेलू शकला नसता. आणि घरातल्या स्टीलच्या अनेक भांड्यांना तर खरं चुंबकही चिकटत नाही.

रक्तात गुठळ्या होण्याची भीती मात्र या पंगतीत बसवू नये. कोव्हिशिल्डच्या जातीच्या लशीचा तो खराखुरा, फार दुर्मीळ दुष्परिणाम आहे. तो दडवून कुणाचा विश्वास मिळत नाही.

"लस घेतली आणि चौथ्या दिवशी कोरोना झाला" हे वाक्य त्या एप्रिलमध्ये मी कितीदा ऐकलं. चौथ्या दिवशी तालीम नीट भरलेलीही नसते. गावभर साथ पसरलेली असताना लस घेणाऱ्यांतल्या काहींना त्याच आठवड्यात लागण होणारच होती.

आणि काखेतली गाठ. मुंबईत प्लेग असताना, 10 जानेवारी 1897 रोजी, वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात स्वतः तयार केलेली प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. त्या मुंबईत काखेत किंवा जांघेत गाठ आली की घरात रडारड सुरू व्हायची. प्लेगची गाठ म्हणजेही सुजलेली लसिका ग्रंथीच, फक्त तिथे ग्रंथीत जिवंत जंतू माजलेले असत. मावशीच्या गाठीत कोरोनाचा विषाणू नव्हताच, दुभंगणाऱ्या पेशींची दाटी होती.

मी फोनवर तिला हे सगळं सांगितलं तेव्हा ती बराच वेळ गप्प होती. जुलैत तिने दुसरा डोस घेतला. तिसऱ्या दिवशी पुन्हा काख ठणकली, चार दिवसांत सूज उतरली. "म्हणजे तालीम उठली का रे?" तिने विचारलं. अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या संशोधकांचा अहवाल तेव्हा नुकताच आला होता. फायझरची लस घेतलेल्यांच्या काखेतल्या ग्रंथींतून त्यांनी सुईने पेशी काढून तपासल्या होत्या. दुसऱ्या डोसनंतर 12 आठवड्यांनीही तालीम भरलेलीच होती.