अनोळखी माणूस आपल्या कॉम्प्युटरात शिरून गेला, आता पुढं काय करायचं?

औशाला माझ्या मामांचं झेरॉक्स सेंटर आहे, जुलैत पीक विम्याचे फॉर्म भरायला तिथं सकाळपासून शेतकऱ्यांची रांग लागते आणि नेमका अशाच एका दिवशी प्रिंटर बंद पडला. मामांनी गुगलवर कस्टमर केअरचा नंबर शोधला, वर दिसला तो लावला, तो कंपनीचा नव्हताच. पलीकडचा माणूस लई गोड बोलायला. त्यानं स्क्रीन शेअर करायचं सॉफ्टवेअर टाकायला लावलं, त्यातला आकडा विचारला, आणि माऊसचा बाण आपोआप फिरायला लागला. इव्हेंट व्ह्यूअर (विंडोज स्वतःच्या बारीकसारीक नोंदी ठेवतं ती वही) उघडून लाल खुणांची यादी दाखवली, म्हणला बघा किती व्हायरस हैत. (अशा लाल खुणा धडधाकट विंडोजमधी पण ढिगानं असतात, आत्ता स्वतःच्या कॉम्प्युटरवर उघडून बघा.) मग स्क्रीन काळी झाली, "अपडेट चालू आहे, मोबाईलवर आलेला रजिस्ट्रेशन नंबर सांगा". तो ओटीपी होता. दोन वेळा मिळून 48,000 रुपये गेले.

मामांनी मला फोन केला तेव्हा सारखं एकच विचारायले, "अरे, अँटिव्हायरस होता की, मग त्यानं अडवलं कसं नाही?" प्रश्न बरोबर आहे. स्क्रीन शेअर करायची एनीडेस्क, टीमव्ह्यूअर ही सॉफ्टवेअरं खोटी नाहीत, ऑफिसात रोज वापरतात, म्हणून अँटिव्हायरस त्यांना चोर समजत नाही. आणि राउटर बाहेरून आत येणाऱ्याला अडवतो, पण इथं आपलाच कॉम्प्युटर आतून बाहेर त्या सॉफ्टवेअरवाल्या कंपनीच्या सर्व्हरला जोडून घेतो, चोरही त्याच सर्व्हरला येतो आणि दोघांची गाठ तिथं पडते. म्हणजे वाड्याची कडी आतून आपणच काढली, मग भिंत कितीका जाड असंना. रिझर्व्ह बँकेनं 2019 च्या फेब्रुवारीतच एनीडेस्कच्या नावानं बँकांना सावध केलं होतं.

मी मामांना आधी वायफाय बंद करायला लावलं. नेट तुटलं की त्याचा हात तुटला, सॉफ्टवेअर काढत बसायची ही वेळ नसते. मग मोबाईलवरून पासबुकावरच्या नंबरवर बँकेला फोन, खातं आणि नेटबँकिंग बंद, लगेच 1930, म्हणजे सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन. इथं मिनिटं मोजायची असतात, कारण चोराचे पैसे एका खात्यात थांबत नाहीत, भाड्यानं घेतलेल्या खात्यांतून पुढं पुढं सरकतात आणि शेवटी एटीएममधून निघतात. 1930 वर व्यवहाराचा नंबर, वेळ, रक्कम सांगितली की ज्या बँकेत पैसे पोचले तिला निरोप जातो आणि तिथं जे शिल्लक असंल ते गोठवतात. मामांनी पाऊण तासात फोन केला, दुसऱ्या वेळचे 20,000 अडकले, पहिले 28,000 निघून गेले होते. नंतर सायबर क्राईम पोर्टलवर तक्रार पूर्ण करायची. अजून एक, रिझर्व्ह बँकेनं 6 जुलै 2017 च्या परिपत्रकात असं सांगितलं होतं की चूक ग्राहकाची असली तरी बँकेला कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेच्या अंगावर, म्हणून फोन केल्याची वेळ आणि तक्रार नंबर लिहून ठेवा.

पैशावर सगळ्यांचं लक्ष असतं, मला जास्त भीती पासवर्डची होती. ब्राउझरात सेव्ह केलेले पासवर्ड कुलपात असतात खरे, पण त्या कुलपाची किल्ली आपल्या विंडोज लॉगिनलाच बांधलेली, आणि तो तर आपल्याच लॉगिनमधी बसला होता. शिवाय कुकी. आपण एकदा लॉगिन झालो की वेबसाइट ब्राउझरला एक खूण देते, जत्रेत हातावर शिक्का मारतात तसं, ती खूण कुणी उचलली तर त्याला पासवर्ड लागत नाही, ओटीपी पण लागत नाही. म्हणून पासवर्ड दुसऱ्या मोबाईलवरून बदलायचे (त्याच कॉम्प्युटरवर बदलला तर नवा पण त्यालाच दिसू शकतो), सगळ्यात आधी ईमेलचा, कारण बाकीचे सगळे पासवर्ड रिसेट होऊन तिथंच येतात, आणि "सगळ्या डिव्हाइसवरून लॉगआउट" दाबायचं. ईमेलच्या सेटिंगमधी फॉरवर्डिंग, फिल्टर, रिकव्हरी नंबर बघा, तिथं चोर गुपचूप स्वतःचा पत्ता टाकून ठेवतो.

मग कॉम्प्युटर. मामा म्हणले, "ते सॉफ्टवेअर अनइन्स्टॉल केलंय की." त्यानं भागत नाही, कारण चोरानं दुसरं एखादं टाकलं असंल, नवा युजर बनवला असंल, टास्क शेड्युलरमधी (ठरल्या वेळी प्रोग्राम आपोआप चालू करतं ते) काही लावलं असंल, आणि मागचं दार कुठं ठेवलंय ते हुडकत बसण्यापेक्षा फॉरमॅट बरं. पण त्याआधी पुरावा. एनीडेस्क असंल तर सी ड्राइव्हच्या प्रोग्रामडेटा फोल्डरमधी कनेक्शन ट्रेस नावाची फाइल सापडते, कोण कितीला आत आलं ते तिच्यात असतं, ती पोलिसांसाठी काढून ठेवा. मग फक्त फोटो, पीडीएफ, हिशोबाच्या फाइली पेनड्राइव्हवर, सेटअप फाइली अजिबात नाहीत, आणि दुसऱ्या चांगल्या कॉम्प्युटरवर बनवलेल्या पेनड्राइव्हनं नवं विंडोज.

मामांच्या कॉम्प्युटरात शेतकऱ्यांची आधार कार्डं, सातबारे, पासबुकाच्या झेरॉक्सी होत्या, त्यातल्या कुणालाच हे माहीत नव्हतं. मामा दोन दिवस जेवले नाहीत नीट. तिसऱ्या दिवशी वही काढून एकेकाला फोन लावला, झालेलं खरं सांगितलं, आधारचं बायोमेट्रिक लॉक करायला लावलं (आधारच्या सरकारी ॲपमधून होतं, म्हणजे अंगठ्यावर पैसे निघत नाहीत) आणि संचार साथी या सरकारी पोर्टलवर आपल्या नावावर किती सिम हैत ते बघायला सांगितलं. एक जण चिडला, बाकीच्यांनी समजून घेतलं.

पुढं महिन्याभरानं मामांना परत एक फोन आला, "सायबर सेलमधून बोलतोय, तुमचे पैसे सापडलेत, प्रोसेसिंग फी भरा". ही त्याच धंद्याची दुसरी फेरी, फसलेल्यांच्या याद्या पुढं विकल्या जातात. मामांनी फोन कापला, नंबर कागदावर लिहिला आणि तो कागद घेऊन सरळ पोलीस ठाण्यात गेले.