सागरी मत्स्यटाकीतील आगंतुक जीव

खाऱ्या पाण्याच्या घरगुती मत्स्यटाकीत पाळणाऱ्याने न सोडताही आढळणारे लहान प्राणी. खडक, प्रवाळाचे तुकडे, वाळू, शंख किंवा शैवाल यांच्याबरोबर ते अंडी, अळ्या वा प्रौढ रूपात आत येतात आणि त्यांना खाणारे कोणी नसेल तर भराभर वाढतात. हौशी मंडळी त्यांना ‘हिचहायकर’ म्हणतात. बहुतेकांचा आकार अर्ध्या मिलिमीटरपासून एक-दोन सेंटिमीटरपर्यंत असतो.

त्यांचा मुख्य मार्ग म्हणजे ‘लाइव्ह रॉक’. मेलेल्या प्रवाळांच्या चुनखडी सांगाड्यांचा हा सच्छिद्र दगड. त्याच्या भेगांत जिवाणू, स्पंज, कृमी आणि कवचधारी प्राण्यांची वस्ती असते. जकार्ताचे ली चिन एंग यांनी १९६१ मध्ये असा खडक, समुद्राचे पाणी आणि हवेचे बुडबुडे एवढ्यावर टाकी चालवण्याची पद्धत जगापुढे मांडली. खडकातले जिवाणू माशांच्या विष्ठेतून होणारा अमोनिया पचवतात, म्हणून ती चालते. भारतात मात्र दगडी प्रवाळ २००१ पासून वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत, आणि प्रवाळभित्तीतून खडक तोडून आणणे हा गुन्हा आहे. त्यामुळे येथे कोरडा किंवा कृत्रिम खडक वापरतात. तरीही पाहुणे येतातच. प्रवाळाच्या एका तुकड्याचे बूड त्यांना पुरते.

ओळख पटवताना रंगावर भिस्त ठेवू नये. एकाच जातीचे प्राणी प्रकाश आणि खाद्यानुसार वेगळ्या रंगाचे दिसतात. उपयोगी प्रश्न निराळे आहेत: प्राणी चिकटलेला आहे की हिंडतो, अंग कठीण की मऊ, दिवसा दिसतो की दिवे गेल्यावर, आणि हात लावल्यास आक्रसतो, पळतो की ढिम्म राहतो? दहापट मोठे दाखवणारे भिंग, शेजारी मोजपट्टी ठेवून काढलेले छायाचित्र आणि रात्रीसाठी तांबडी बॅटरी एवढ्या सामग्रीवर बरेच काम होते. अनेक अपृष्ठवंशी प्राण्यांना तांबडा उजेड नीट जाणवत नाही, त्यामुळे ते लपत नाहीत.

नव्या टाकीच्या काचेवर झटके देत पळणारे मिलिमीटरभराचे पांढरे ठिपके बहुधा कोपेपॉड, म्हणजे सूक्ष्म कवचधारी प्राणी, असतात. मादीच्या मागच्या टोकाला अंड्यांची पिशवी भिंगातून स्पष्ट दिसते. ते मुळीच काढू नयेत. मँडरिन मासा जवळजवळ त्यांच्यावरच जगतो आणि ते नसलेल्या टाकीत हळूहळू उपासमारीने मरतो. त्यांच्यापेक्षा मोठा, कोळंबीसारखा वाकलेला आणि दोन्ही बाजूंनी चपटा प्राणी म्हणजे ॲम्फिपॉड. तोही निरुपद्रवी. मात्र वरून-खालून चपटा, मोठ्या डोळ्यांचा आणि सरळ रेषेत वेगाने पोहणारा आयसोपॉड सिरोलॅनिड कुळातला असू शकतो. हे प्राणी माशाच्या अंगाला चिकटून रक्त शोषतात. चपटेपणाची दिशा पाहणे ही क्षुल्लक बाब वाटते, पण माशांचा जीव तिच्यावर अवलंबून असतो.

सर्वांत जास्त गोंधळ पांढऱ्या नळ्यांवरून होतो. काचेवर आणि पंपात दोन-तीन मिलिमीटरची घट्ट गुंडाळलेली चकती दिसली की गोगलगाईला पिल्ले झाली असे समजले जाते. ती बहुधा स्पायरॉर्बिस गटातील कृमींची घरे असतात. पिल्लू सरकते, ही चकती जागची हलत नाही, आणि पाणी शांत असताना तिच्या तोंडातून पिसांसारखा बारीक तुरा बाहेर येतो. कृमी पाणी गाळून खातो आणि कोणाला त्रास देत नाही. वर्मेटिड मात्र खरोखरच गोगलगाय आहे, फक्त ती दगडाला कायमची चिकटून वेडीवाकडी नळी बांधते. तिला तुरा नसतो. ती चिकट धाग्यांचे जाळे पाण्यात सोडते आणि त्यात अडकलेले कण धाग्यांसकट गिळते. जाळे प्रवाळावर पडले की त्याचे पॉलिप (प्रवाळ ज्यांचे बनलेले असते ते इवले जीव) मिटून राहतात. तुरा की धागा, एवढे पाहिले की निकाल लागतो.

काटेरी कृमींच्या वाट्याला मात्र विनाकारण बदनामी येते. मेलेल्या माशावर रात्री ते दिसतात आणि मारेकरी ठरतात. प्रत्यक्षात बहुतेक जाती मेलेलेच खातात आणि टाकी स्वच्छ ठेवतात. त्यांचे काटे बोटात रुततात, म्हणून चिमटा वापरावा. अपवादही आहेत. इंग्लंडमधील न्यूक्वे येथील मत्स्यालयात २००९ मध्ये प्रवाळांची नासधूस कोण करते याचा शोध घेताना खडकाआडून सुमारे १.२ मीटर लांबीचा कृमी निघाला होता.

एप्टेशिया हे तपकिरी, पारदर्शक झाक असलेले छोटे समुद्रफूल हौशींना सर्वाधिक छळते. ते चिरडणे ही नेहमीची चूक, कारण बुडाच्या राहिलेल्या तुकड्यांतून नवी समुद्रफुले उगवतात. बर्घिया ही समुद्री गोगलगाय फक्त तेच खाते, तर पेपरमिंट कोळंबी खाईलच याची खात्री नाही. गंमत अशी, की हाच उपद्रवी प्राणी प्रयोगशाळांत मौल्यवान मानला जातो. प्रवाळांप्रमाणे त्याच्याही पेशींत शैवाल राहते आणि तो सहज वाढतो, म्हणून प्रवाळांचे विरंजन (शैवाल गमावून पांढरे पडणे) समजून घेण्यासाठी त्याच्यावर संशोधन चालते. त्याचा जीनोम, म्हणजे संपूर्ण जनुकीय आराखडा, २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला.

टाकीतला अनोळखी ठिपका विज्ञानालाही अनोळखी असू शकतो. १८८३ मध्ये ऑस्ट्रियातील ग्राझ येथे फ्रान्झ आयलहार्ड शुल्झे यांना समुद्री पाण्याच्या टाकीत काचेवर सरपटणारा, दोन-तीन मिलिमीटरचा, सतत आकार बदलणारा पापुद्रा दिसला. त्याला तोंड नव्हते, पोट नव्हते, चेतापेशी नव्हत्या. शुल्झे यांनी त्याचे नाव ट्रायकोप्लॅक्स अधेरेन्स ठेवले. १९०७ मध्ये टी. क्रुम्बाख यांनी तो एका हायड्रोझोआ (जेलीफिशच्या नात्यातील) प्राण्याची अळी असल्याचे मत मांडले. ते चुकीचे होते, तरी पाठ्यपुस्तकांत टिकले आणि पुढची अनेक दशके त्या पापुद्र्याकडे फारसे कोणी फिरकले नाही. अखेर १९७१ मध्ये कार्ल ग्रेल यांनी त्याच्यासाठी प्लॅकोझोआ हा स्वतंत्र संघ स्थापला आणि २००८ मध्ये त्याचा जीनोम वाचला गेला. प्राण्यांच्या उत्क्रांतीच्या अभ्यासात आज तो महत्त्वाचा मानला जातो. अलीकडचे उदाहरण अमाकुसाप्लाना ॲक्रोपोरी या चपट कृमीचे. ॲक्रोपोरा प्रवाळ कुरतडणारा हा कृमी हौशींना आधीपासून ठाऊक होता. त्याचे शास्त्रीय वर्णन २०११ मध्ये टाक्यांतल्याच नमुन्यांवरून झाले आणि तो समुद्रात सापडला त्यानंतर.

या इतिहासामुळे छायाचित्र पाहून थेट जातीचे नाव सांगणाऱ्यांवर फार विश्वास टाकू नये. कुळापर्यंत किंवा प्रजातीपर्यंत (जातीच्या वरच्या गटापर्यंत) पोचणे घरी शक्य असते; त्यापुढे विच्छेदन किंवा डीएनए तपासणी लागते. टाक्यांत दिसणारे, कमी-जास्त लांबीच्या भुजांचे सेंटिमीटरभराचे तारामासे सर्रास ‘ॲस्टेरिना’ म्हणून ओळखले जातात, पण त्यांत अनेक जाती मिसळल्या आहेत. ते स्वतःचे दोन तुकडे करून वाढतात, म्हणून भुजा असमान दिसतात. बरेचसे काचेवरचे शैवाल खातात. काही झोअँथिड प्रवाळ खातात अशी तक्रार असते.

आगंतुकांची संख्या अचानक वाढण्यामागे बहुधा जास्तीचे खाद्य असते. ते कमी केले की अनेकदा वाढ आपोआप ओसरते. एकेक प्राणी ड्रॉपरने उचलून वेगळ्या भांड्यात काही दिवस पाहणे हे औषध ओतण्यापेक्षा केव्हाही बरे. तांबूस चपट कृमी मोठ्या संख्येने एकदम मेले तर त्यांच्या विषाने मासे दगावतात. खडक उकळून निर्जंतुक करण्याचा प्रयत्न तर कधीच करू नये. काही झोअँथिड प्रवाळांत पॅलिटॉक्सिन हे तीव्र विष असते आणि वाफेतून ते श्वासात गेल्याने घरातील माणसे रुग्णालयात दाखल झाल्याच्या नोंदी आहेत.

काढलेले प्राणी, खडक वा पाणी खाडीत किंवा समुद्रात टाकू नये. मोनॅकोच्या सागरी संग्रहालयाखाली १९८४ मध्ये कॉलेर्पा टॅक्सिफोलिया या, टाक्यांतून निसटल्याचे मानल्या जाणाऱ्या शैवालाचा लहानसा पट्टा दिसला. पुढे ते भूमध्य समुद्रात हजारो हेक्टरांवर पसरले.