सहा नंबरचा चेंडू: महिला बास्केटबॉलपटूच्या कारकिर्दीमागचा इतिहास

आपल्याकडे गोव्यातल्या अनेक हायस्कूलांत क्रीडासाहित्याच्या कपाटात बास्केटबॉल असतो तो सात नंबरचा. मुलगे त्यानेच खेळतात आणि मुलीही त्यानेच. सात नंबरचा घेर 75 ते 77 सेंटीमीटर, वजन 580 ते 620 ग्रॅम. महिलांचा अधिकृत चेंडू सहा नंबरचा असतो: घेर साधारण 72-73 सेंटीमीटर, वजन 510 ते 550 ग्रॅम. आकड्यांत फरक किरकोळ वाटतो, पण तेरा वर्षांच्या मुलीच्या मनगटाला तो चांगलाच जाणवतो. जड चेंडू एका हाताने वर जात नाही, म्हणून ती तो खांद्याजवळ नेते, कोपर बाहेर काढते आणि दोन्ही हातांनी ढकलते. रिंगपर्यंत चेंडू पोचतो, त्यामुळे कोणी हटकत नाही. सतराव्या वर्षी तिच्यासमोर उंच बचावपटू उभी राहते, तेव्हा खांद्याजवळून निघणारा प्रत्येक फटका अडतो. चार वर्षं मुरलेली सवय तोवर सहजी सुटत नाही.

महिलांच्या व्यावसायिक बास्केटबॉलचा इतिहास पाहिला तर हीच अडचण मोठ्या प्रमाणावर दिसते. खेळ पुरुषांच्या मापाने आला, मुलींना काय झेपेल हे दुसऱ्याच कोणीतरी ठरवलं, आणि ती मापं बदलायला दशकं गेली.

जेम्स नायस्मिथ यांनी डिसेंबर 1891 मध्ये अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डला वायएमसीएच्या प्रशिक्षण शाळेत हा खेळ सुरू केला. जवळच नॉर्थॅम्प्टनला स्मिथ हे मुलींचं कॉलेज होतं. तिथल्या शारीरिक शिक्षणाच्या शिक्षिका सेंडा बेरेन्सन यांनी 1892 मध्येच तो मुलींना शिकवायला घेतला, पण नियम बदलून. कोर्टचे तीन पट्टे पाडले आणि जी ज्या पट्ट्यात, तिने तिथेच राहायचं असं ठरलं. दुसरीच्या हातातला चेंडू हिसकावायचा नाही, तीन सेकंदांपेक्षा जास्त धरून ठेवायचा नाही. मुलींना इतकी धावपळ सोसणार नाही, ही त्या काळची समजूत यामागे होती. बेरेन्सन यांनी ती सांभाळून घेतली म्हणूनच खेळ कॉलेजांत टिकला, हे त्यांचं श्रेय मान्य करायला हवं. पण तात्पुरती तडजोड पिढ्यान्‌पिढ्या नियम होऊन बसली.

1938 मध्ये तीन पट्ट्यांचे दोन झाले. सहा जणींच्या संघात तिघी फक्त बास्केट करणार, तिघी फक्त बचाव करणार, मधली रेषा कोणीच ओलांडायची नाही. बचावात घातलेल्या मुलीला सामन्यात एकही फटका मारायला मिळत नसे. पाच जणींनी पूर्ण कोर्टवर खेळायचा नियम अमेरिकेतल्या महिलांसाठी 1971 मध्ये पक्का झाला, आणि आयोवा राज्यातल्या शाळांत सहा जणींचा खेळ 1993 पर्यंत चालू होता. सहा नंबरचा चेंडूही उशिराच आला. अमेरिकन कॉलेजांनी तो 1984-85 च्या हंगामात घेतला, तर आंतरराष्ट्रीय महासंघाने 2000 नंतर.

1972 मध्ये अमेरिकेत ‘टायटल नाइन’ कायदा झाला. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेला मुलगा-मुलगी असा भेद करायला त्याने बंदी घातली. कॉलेजांना मुलींच्या संघांसाठी प्रशिक्षक नेमावे लागले, शिष्यवृत्त्या द्याव्या लागल्या. ऑलिंपिकमध्ये पुरुषांचा बास्केटबॉल 1936 मध्ये आला होता. महिलांचा आला 1976 मध्ये, माँट्रियलला. सुवर्ण सोव्हिएत संघाने जिंकलं, पण त्या स्पर्धेतली पहिली बास्केट अमेरिकेच्या लुसिया हॅरिसची. असे गुण घेऊन कॉलेजबाहेर पडणाऱ्या मुलीला पगार देणारी लीग मात्र तिच्या देशात नव्हती. डिसेंबर 1978 मध्ये एक सुरू झाली. काही संघांचे पगाराचे चेक वटले नाहीत आणि तीन हंगामांत ती बंद पडली. त्यानंतर पंधरा वर्षं चांगल्या अमेरिकन खेळाडूंना कमाईसाठी इटली नाहीतर जपान गाठावं लागे.

डब्ल्यूएनबीए, म्हणजे अमेरिकेतली महिलांची आजची व्यावसायिक लीग, 21 जून 1997 रोजी आठ संघांनिशी सुरू झाली. ती उन्हाळ्यात खेळवायचं कारण साधं होतं: एनबीएची, म्हणजे पुरुषांच्या लीगची, मैदानं तेव्हा मोकळी असतात. या एका निर्णयाने पुढच्या पंचवीस वर्षांच्या कारकिर्दींना आकार दिला. पहिल्या हंगामात संघाला सामने 28, म्हणजे काम फक्त काही महिन्यांचं. हिवाळा मोकळा आणि पगार तोकडा, म्हणून खेळाडू रशिया, तुर्कस्तान, चीनमध्ये दुसरा हंगाम खेळू लागल्या. डायना टॉरासीने 2015 चा अमेरिकन हंगाम पूर्ण सोडला, कारण तिच्या रशियन क्लबने विश्रांतीसाठी दिलेले पैसे मायदेशातल्या पगारापेक्षा जास्त होते. ब्रिटनी ग्रायनर त्याच रशियन क्लबकडे, येकातेरिनबर्गला, परतताना फेब्रुवारी 2022 मध्ये मॉस्कोच्या विमानतळावर पकडली गेली आणि डिसेंबरमध्ये कैद्यांच्या अदलाबदलीत सुटली. 2024 मध्ये संघांनी नव्या खेळाडू निवडल्या तेव्हा पहिल्या क्रमांकावर निवडल्या गेलेल्या केटलिन क्लार्कचा लीगकडून पहिल्या वर्षाचा पगार होता 76,535 डॉलर, तेव्हाच्या दराने साधारण 64 लाख रुपये. रक्कम आपल्याला मोठी वाटेल. पण जाहिरातींचे करार मोजक्याच जणींना मिळतात, संघात जागा अकरा-बाराच असतात, आणि हंगामाआधीच्या शिबिरातून वगळलेल्या मुलीच्या हाती फारसं काही लागत नाही.

शेरिल स्वूप्स ही डब्ल्यूएनबीएने सर्वांत आधी करारबद्ध केलेल्या खेळाडूंपैकी. पहिला हंगाम सुरू झाला त्याच आठवड्यात ती बाळंत झाली आणि सुमारे सहा आठवड्यांनी कोर्टवर परतली. प्रसूतिरजेत पूर्ण पगाराची तरतूद करारात आली ती 2020 मध्ये.

भारतात लीगची जागा नोकरीने घेतली. वायएमसीएच्या शारीरिक शिक्षण महाविद्यालयातून, म्हणजे हॅरी क्रो बक यांनी 1920 मध्ये मद्रासला काढलेल्या संस्थेतून, शिकून गेलेल्या शिक्षकांनी हा खेळ देशभर नेला. 1950 मध्ये राष्ट्रीय महासंघ झाला. पण महिलांसाठी वर्षानुवर्षं टिकणारी पगारी लीग उभी राहिली नाही. ती उणीव रेल्वेने भरून काढली. गीतू अॅना जोस आणि अनिता पॉलदुराई या दोघी दक्षिण रेल्वेच्या. गीतू ऑस्ट्रेलियात रिंगवूड क्लबकडून खेळली आणि 2011 मध्ये तिने डब्ल्यूएनबीएच्या संघांपुढे चाचणी दिली. अनिताला 2021 मध्ये पद्मश्री मिळाली, वाराणसीच्या प्रशांती सिंगला 2019 मध्ये. पुण्याच्या शिरीन लिमयेने भारताचं कर्णधारपद केलं. आपल्या मराठी घरांतल्या मुलींना जवळचं वाटावं असं हे नाव. 2017 मध्ये बेंगळुरूला भारतीय महिलांनी आशिया चषकाच्या ब गटाच्या अंतिम सामन्यात कझाकस्तानला 75-73 असं हरवलं.

या नोकरीला कमी लेखणं चूक आहे. गुडघा गेला म्हणून पगार थांबत नाही, स्पर्धेसाठी रजा मिळते, आणि खेळ संपल्यावरही बढतीचा रस्ता उरतो. डब्ल्यूएनबीएतल्या कित्येक जणींना ही शाश्वती नाही. अडचण आहे ती अटींची. रेल्वेच्या क्रीडा कोट्यासाठी वय 18 ते 25 लागतं आणि राष्ट्रीय स्तरावरची कामगिरी मोजली जाते. गोव्यासारख्या छोट्या राज्याच्या संघातून कितीही चांगली खेळली तरी संघ वर आला नाही, तर मुलीचं प्रमाणपत्र कमी पडतं. म्हणून भरतीच्या जाहिरातीतली कामगिरीची अट अकरावीतच वाचून ठेवावी. प्रमाणपत्रावर स्पर्धेचं अधिकृत नाव, वर्ष आणि मिळालेलं स्थान नीट छापलंय का, ते त्याच दिवशी तपासावं. वर्षभरानंतर दुरुस्ती करून घेताना फार हेलपाटे पडतात.

गोव्यासाठी थ्री बाय थ्री हा प्रकार म्हणूनच आशेचा आहे. तीन खेळाडू आणि एक बदली, अर्धं कोर्ट, दहा मिनिटं किंवा आधी 21 गुण. टोकियो ऑलिंपिकपासून तो तिथेही आहे. बारा तोडीच्या मुली एका तालुक्यात मिळणं अवघड, चार मिळू शकतात. फक्त त्याचा चेंडू वेगळा असतो: आकार सहा नंबरचा, वजन सात नंबरचं. स्पर्धेआधी दोन आठवडे तोच हातात हवा.

जागेची उणीव पूर्वीइतकी नाही. 2014 च्या लुसोफोनिया (पोर्तुगीज भाषेशी नातं असलेल्या देशांच्या) आणि 2023 च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांमुळे गोव्यात बंदिस्त क्रीडागृहं उभी राहिली. रोजचा सराव मात्र शाळेच्या उघड्या सिमेंट कोर्टवरच होतो. तिथे गेल्यावर आधी रंगाच्या रेषा पाहाव्यात. रिंगखालचा पट्टा बोर्डाकडे रुंदावत जात असेल, तर ते कोर्ट 2010 च्या आधीच्या नियमांचं आहे. आता तो 4.9 मीटर रुंदीचा सरळ आयत असतो. तीन गुणांची रेषाही तेव्हा 6.25 मीटरवर होती, आज 6.75 वर आहे. अशा कोर्टवर घोटवलेला फटका स्पर्धेत अर्धा मीटर कमी पडतो. फ्री थ्रोची रेषा बोर्डाच्या पुढच्या पृष्ठभागापासून 4.6 मीटर हवी आणि रिंगची वरची कड जमिनीपासून 3.05 मीटर. खाऱ्या हवेत बोल्ट गंजतात, रिंग पुढे झुकते आणि चार-पाच सेंटीमीटरचा फरक नुसत्या डोळ्यांना कळत नाही. टेप लावूनच बघावं.

गुडघ्याच्या पुढच्या लिगामेंटची दुखापत महिला खेळाडूंत पुरुषांपेक्षा कितीतरी अधिक आढळते. ती बहुतेकदा कोणाच्या धक्क्याने होत नाही. रिबाउंड, म्हणजे रिंगला लागून परतलेला चेंडू, घेऊन उतरताना पाय सरळ राहतो, गुडघा आत वळतो आणि लिगामेंट तुटतं. शस्त्रक्रियेनंतर परतायला नऊ महिने ते वर्ष लागतं, म्हणजे कोट्याच्या सात वर्षांतलं एक गेलंच. आठवड्यातून दोन-तीनदा, सरावाच्या सुरुवातीला पंधरा-वीस मिनिटं उतरण्याचा सराव ठेवला तर हा धोका बराच कमी होतो. वीतभर उंचीवरून दोन्ही पायांवर उतरायचं, गुडघे वाकलेले आणि पायाच्या बोटांच्या रेषेत, तीन सेकंद तसंच थांबायचं, आठ-दहा वेळा. समोरून मोबाइलवर चित्रण केलं की गुडघा आत येतोय का ते लगेच दिसतं. ते जमल्यावरच एका पायावर.

जून ते सप्टेंबर उघड्या कोर्टवर हे मुळीच करू नये. सिमेंट वरून कोरडं दिसलं तरी शेवाळाचा पातळ थर राहतो आणि उतरताना पाय सरकतो. त्या चार महिन्यांत शाळेच्या सभागृहात किंवा व्हरांड्यात उतरण्याचा सराव, भिंतीवर पास आणि जागच्या जागी डाव्या हाताचं ड्रिबल एवढं रोज चालू ठेवता येतं. सप्टेंबर सरून ऊन पडलं की कोर्ट ताठ खराट्याने आणि ब्लीचिंग पावडरने घासून, दोन दिवस वाळवून, मगच मुलींना उडी मारायला लावावी.